विद्यार्थी वसतिगृहे
शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाची, भोजनाची व अभ्यासाची सामुदायिक सोय करणारी संस्था म्हणजे विद्यार्थी वसतिगृह होय. बोलीत यालाच ‘बोर्डिंग’ म्हणतात, आणि ग्रामीण महाराष्ट्रात हा शब्द मूळ मराठी वाटावा इतका रुळला आहे. शाळा किंवा महाविद्यालय यांच्या आवारातील निवासव्यवस्था हा वसतिगृहाचा एक प्रकार झाला. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे महाराष्ट्रातील अशा वसतिगृहांचा विचार केला आहे, की जी एखाद्या समाजाने, गावाने वा ध्येयवादी व्यक्तीने लोकांच्या वर्गणीतून, धान्यातून व श्रमातून उभी केली आणि ज्यांच्यामुळे शिक्षणाची परंपरा नसलेल्या घरांतील पहिली पिढी माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचली.

गरीब विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याची सोय करून देणे ही कल्पना पुरातन आहे. गुरुगृही राहून केलेले अध्ययन, बौद्ध विहार, नालंदासारखी महाविहारे, मठ व अग्रहारे यांत ती वेगवेगळ्या रूपांत आढळते. यूरोपातही विद्यापीठांतील अनेक महाविद्यालयांचा उगम वसतिगृहांतच आहे. पॅरिसमध्ये रॉबेर द सॉरबाँ याने १२५७ च्या सुमारास ईश्वरविद्येच्या निर्धन विद्यार्थ्यांसाठी निवासव्यवस्था उभारली व तिच्यातूनच पुढे सॉरबाँ हे ख्यातनाम विद्यापीठ नावारूपास आले. आधुनिक महाराष्ट्रातील वसतिगृहांची प्रेरणा मात्र यांपैकी कोणत्याही परंपरेत नाही. ती एकोणिसाव्या शतकातील शाळांच्या भूगोलात शोधावी लागते.

ब्रिटिश अमदानीत प्राथमिक शाळा काही प्रमाणात खेड्यांपर्यंत गेल्या. परंतु इंग्रजी शिक्षण देणाऱ्या माध्यमिक शाळा जिल्ह्याच्या वा संस्थानाच्या मुख्य गावी आणि थोड्याबहुत मोठ्या पेठांच्या गावी राहिल्या. खेड्यातील मुलाला चौथी-पाचवीनंतर शिकावयाचे तर गाव सोडणे भाग होते. शाळेची फी हा खर्चाचा एक लहान भाग असे. खरा प्रश्न दोन वेळच्या जेवणाचा व रात्री पाठ टेकण्याच्या जागेचा होता. शहरातील ज्या वाड्यांत खोल्या भाड्याने मिळत, तेथे जात विचारली जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर पाणवठाही मोकळा नव्हता. त्यामुळे ‘शाळा सर्वांना खुली आहे’ हे सरकारी विधान कागदावर खरे असले, तरी व्यवहारात तिचे दार त्यांच्यासाठीच खुले होते, ज्यांचे शहरात आप्तस्वकीय होते.

वार आणि माधुकरी : ज्यांना असे आप्त नव्हते, त्या ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी समाजाने दोन रूढ मार्ग ठेवलेले होते. आठवड्यातील एकेका वारी एकेका घरी जेवण्याची व्यवस्था लावून घेणे, याला ‘वार लावून जेवणे’ म्हणत. सात घरे मिळाली की आठवडा भागे. पाच मिळाली तर दोन दिवस उपास पडे किंवा आदल्या दिवशीच्या भाकरीवर निभावे. दुसरा मार्ग माधुकरीचा. झोळी घेऊन ठराविक घरी शिजलेले अन्न मागावयाचे व ते एकत्र करून खावयाचे. पुण्यासारख्या विद्येच्या केंद्रात या दोन्ही पद्धतींवर शिकून पुढे नावलौकिकास चढलेल्यांची संख्या मोठी आहे. समाजाने विद्यार्थी पोसावा, ही जाणीव या पद्धतींच्या मुळाशी होती आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु तीत दोन उणिवा होत्या. एक, वाराच्या घरी मिळणारी वागणूक यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे व मुलाच्या मनात लाचारी घर करी. दुसरी अधिक मूलगामी : ही सोय स्वयंपाकघराच्या सोवळ्याशी बांधलेली असल्याने ती जातीच्या कुंपणापलीकडे जाऊच शकत नव्हती. मराठा, कुणबी, माळी, लिंगायत, मुसलमान किंवा महार मुलासाठी पुण्यात वा कोल्हापुरात वार लागणे ही कल्पनाही असंभाव्य होती. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (पुढे पुणे विद्यार्थी गृह) माधुकरी मागणाऱ्या विखुरलेल्या मुलांना एका छत्राखाली आणले आणि छपाईसारख्या व्यवसायाची जोड दिली. व्यक्तिगत दानाकडून संस्थात्मक व्यवस्थेकडे झालेले हे संक्रमण होते.

कोल्हापूरचा प्रयोग : वसतिगृह हे सामाजिक परिवर्तनाचे साधन म्हणून प्रथम जाणीवपूर्वक वापरले ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती (कार. १८९४–१९२२) यांनी. प्रारंभी, १८९६ च्या सुमारास, त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. तेथे नियमाने कोणालाही मज्जाव नव्हता; पण व्यवस्थापन व स्वयंपाकघर एका वर्गाच्या हाती राहिल्याने अन्य जातींची मुले तेथे टिकेनात. या अनुभवानंतर महाराजांनी धोरण बदलले. प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह काढावे, दरबाराने जागा, इमारत व वार्षिक उत्पन्न द्यावे आणि उरलेला भार त्या समाजाने वर्गणीने उचलावा, अशी ही योजना होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर मुस्लिम (१९०६), वीरशैव लिंगायत (१९०७), अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८) अशी मालिकाच सुरू झाली. शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती इ. समाजांचीही वसतिगृहे कालांतराने निघाली. मिस क्लार्क हे नाव मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे होय. मुसलमान समाजातून पुढाकार येईना, तेव्हा त्या समाजाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः पतकरले. कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची माता’ म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळे.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ होतो, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि महाराजांच्या भूमिकेचा विचार त्या काळच्या परिस्थितीत केला पाहिजे. स्वयंपाकघर एक झाल्याखेरीज वसतिगृह एक होत नाही, आणि १९०१ मध्ये कोल्हापुरात एक स्वयंपाकघर मान्य करणारे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. मुलगा आधी शहरात टिकला पाहिजे, भेद मोडण्याचे काम शिकलेला मुलगा करील, असा हा हिशेब होता. १९०२ मध्ये संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जो हुकूम निघाला, त्या जागा भरावयास लायक उमेदवार या वसतिगृहांतूनच मिळावयाचे होते, हेही लक्षात घ्यावयास हवे. कोल्हापूरच्या धर्तीवर संस्थानाबाहेरही वसतिगृहे निघाली. त्यांत नाशिकचे उदाजी मराठा वसतिगृह (१९१४) विशेष उल्लेखनीय आहे.

हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला, याचा पुरावा जैन बोर्डिंगच्याच एका विद्यार्थ्याने दिला. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील (१८८७–१९५९) हे कोल्हापुरात शिकत असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी नाकारले व त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. जातीच्या वसतिगृहाने शिक्षण दिले आणि त्याच वसतिगृहाच्या मर्यादेने पुढच्या कार्याचा विषय दिला, असे याविषयी म्हणता येईल.

सातारा : भाऊरावांनी तरुणपणीच दुधगाव (जि. सांगली) येथे सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम चालविला होता. ओगले काच कारखाना, किर्लोस्कर व कूपर यांच्याकडे नोकरी करीत असताना नांगरांच्या प्रचारासाठी ते खेडोपाडी हिंडत आणि शेतकऱ्याच्या घरची स्थिती जवळून पाहत. काले (ता. कराड) येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र सातारा येथे हलविण्यात आले. तेथील वसतिगृहास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. येथे निरनिराळ्या जाति-धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीला जेवत. कोल्हापुरात जे शक्य झाले नव्हते, ते पंचवीस वर्षांनी साताऱ्यात शक्य झाले.

या वसतिगृहाची अर्थव्यवस्था समजावून घेण्यासारखी आहे, कारण समाजाचा सहभाग म्हणजे प्रत्यक्षात काय, हे तिच्यातून उमगते. तिचा पहिला आधार ‘मुष्टिफंड’ हा होता. गृहिणीने दळणाला बसताना वा स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातील एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावयाची. ठराविक दिवशी विद्यार्थी वा कार्यकर्ते पोती घेऊन येत व घरोघरचे धान्य गोळा करीत. ज्वारी-बाजरीची ही एक मूठ देणाऱ्या घराला जड जात नसे, पण गावच्या गाव सामील झाले म्हणजे वसतिगृहाची कोठी भरे. सुगीच्या दिवसांत शेतकरी खळ्यावरूनच धान्य देत. भाजीपाला, गूळ, जळण असेही येई. रोख रक्कम खेड्यात दुर्मिळ आणि धान्य त्या मानाने सुलभ, हे ओळखून ही पद्धत बसविलेली होती. तिचा एक अप्रत्यक्ष परिणाम धान्याहूनही मोलाचा ठरला. जिच्या मडक्यातील मूठ बोर्डिंगला जाई, तिला तेथे कोणाची मुले शिकतात, आपल्या गावचा कोणी आहे का, हे विचारण्याचा हक्क प्राप्त होई, आणि पुढच्या वर्षी ती आपला मुलगा पाठविण्याचा विचार करू लागे. निधी गोळा करणे आणि विद्यार्थी गोळा करणे ही दोन कामे अशा रीतीने एकच झाली.

दुसरा आधार विद्यार्थ्यांच्या श्रमाचा. मुले दळण दळीत, भाकरी थापीत, शेतात राबत, इमारतीसाठी दगड-माती वाहत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य असून ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याचेच मूर्त रूप होय. श्रमामुळे खर्च भागे हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे हे, की वाराच्या जेवणातील लाचारी येथे उरली नाही. आपण खातो ते आपल्या कष्टाचे आहे, ही भावना मुलांत रुजली. सर्व जातींच्या मुलांनी आळीपाळीने तेच काम केल्याने कामाला चिकटलेली जातही सैल झाली.

तिसरा आधार संस्थेच्या माणसांचा. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई (मृ. १९३०) यांनी वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी आपले दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले, ही घटना सुविदित आहे. पुढे याच वसतिगृहांत वाढलेले विद्यार्थी संस्थेचे आजीव सेवक झाले व अल्प वेतनावर नव्या शाळा चालवू लागले. १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस उघडण्यात आले. १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यालय, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. वसतिगृहाने आधी विद्यार्थी जमवावे, मग त्यांच्यासाठी शाळा निघावी, हा क्रम नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे व तो या संस्थेच्या यशाचे एक कारण मानावे लागेल. स्वातंत्र्यानंतर लवकरच शासनाशी झालेल्या मतभेदामुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले, त्या वेळी लोकांच्या मदतीवरच ती तग धरू शकली.

अस्पृश्य मानलेल्या समाजांचे प्रयत्न : विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीने (डिप्रेस्ड क्लासेस मिशन) शाळांबरोबर वसतिगृहेही चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने (१९२४) आपल्या पहिल्या कामांत वसतिगृहाला स्थान दिले. १९२५ मध्ये सोलापूर येथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी सभेचे वसतिगृह सुरू झाले व त्यास तेथील नगरपालिकेने अनुदान दिले. कोल्हापूरच्या प्रयोगात पुढाकार दरबाराचा होता. येथे तो समाजाचा स्वतःचा होता, आणि तोही ज्या समाजाजवळ देण्यासारखे धान्यही पुरेसे नव्हते अशा समाजाचा. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (१९४५) औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० मध्ये महाविद्यालय काढले, त्याच्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी घडली. दलित साहित्यातील आत्मकथनांत वसतिगृहाचे वर्णन वारंवार येते ते योगायोगाने नव्हे. जातीच्या वस्तीबाहेरचे पहिले जग लेखकांना तेथेच भेटलेले असते.

मुलींची वसतिगृहे : मुलींच्या बाबतीत समाज याहून कितीतरी मागे राहिला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन (१८८९), धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६; नंतर हिंगणे येथे) आणि पुण्याचे सेवासदन (१९०९) येथे निवासाची सोय होती; परंतु ती प्रामुख्याने विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठी आणि बव्हंशी उच्चवर्णीयांपुरती होती. बहुजन समाजाच्या बोर्डिंगांनी मुलग्यांची जेवढी चिंता वाहिली, तेवढी मुलींची वाहिली नाही, हे मान्य केले पाहिजे. मुष्टिफंडाची मूठ घालणारी स्त्री आणि बोर्डिंगात शिकणारा मुलगा, अशीच बहुधा विभागणी होती. ग्रामीण भागात मुलींच्या वसतिगृहांचा प्रश्न गांभीर्याने पुढे आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

स्वातंत्र्योत्तर काळ : अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून व जमातींना त्यानंतर काही वर्षांनी मिळू लागली. आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठी फीमाफीची सवलत १९५९ मध्ये सुरू झाली. समाजकल्याण खात्याने स्वयंसेवी संस्थांच्या वसतिगृहांना अनुदान दिले व स्वतःची शासकीय वसतिगृहेही काढली. आदिवासी भागात शाळा व निवास एकत्र असणारी आश्रमशाळा ही पद्धत रूढ झाली. तिची पूर्वपीठिका ठक्करबाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळाच्या (१९२२) कार्यात आढळते. वसतिगृह हा दात्याच्या कृपेचा विषय न राहता विद्यार्थ्याच्या हक्काचा विषय झाला, ही यातील निःसंशय मोठी प्रगती होय. मात्र अनुदान आले तसतसा गावाचा संबंध सुटत गेला. मुष्टिफंडाची जागा दरमाणशी मंजूर रकमेने घेतली आणि कोठीत काय शिजते हे पाहणारे डोळे कमी झाले. अनेक अनुदानित वसतिगृहे हजेरीपटावर भरलेली व प्रत्यक्षात रिकामी आढळली. आश्रमशाळांतील निकृष्ट आहार, विद्यार्थ्यांचे मृत्यू व मुलींची असुरक्षितता यांविषयी चौकशा कराव्या लागल्या. कोरकू, गोंडी, भिली वा वारली बोलणाऱ्या लहान मुलाला पहिलीपासूनच घरापासून तोडणे कितपत इष्ट, हा प्रश्न तर अजून अनुत्तरितच आहे. माध्यमिक शाळेतील मुलाला जे वसतिगृह वरदान ठरते, ते सहा वर्षांच्या मुलाला तसे ठरेलच असे नाही.

गाव आणि शहरातील विद्यार्थी यांना जोडणारा एक दुवा मात्र शासनाच्या योजनांबाहेर वाढला. एस. टी. गाड्या खेड्यांत पोहोचल्यावर तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी घरून रोज जेवणाचा डबा येऊ लागला. आई सकाळच्या गाडीला डबा देई, वाहक तो स्थानकावर उतरवी आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. शेकडो डब्यांतून नावाचा डबा हुडकणारी मुले हे अनेक बसस्थानकांवरील नित्याचे दृश्य होते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या कित्येकांचे शिक्षण या डब्यावर पार पडले. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी स्थापिलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातून आलेल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी लोकांच्या देणग्यांवर वसतिगृहे चालविते. शहरांतील वस्त्यांत बुद्धविहारांत, वाचनालयांत व समाजमंदिरांत अभ्यासिका चालतात. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रमही अनेक ठिकाणी होतो. दहा बाय दहाच्या घरात राहणाऱ्या मुलाची अडचण भोजनाची नसून शांत जागेची असते, हे ओळखून अशा व्यवस्था निर्माण झाल्या आहेत.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न याहून वेगळ्या स्वरूपाचा आहे. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, म्हणजे शालेय वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग मुले शाळेबाहेर राहतात. प्रथम कारखान्यांजवळ साखरशाळा काढून पाहण्यात आल्या. परंतु टोळी दुसऱ्या फडावर गेली की शाळा तुटे. त्यानंतर हंगामी वसतिगृहाचा मार्ग पुढे आला. यात मूल गावातच आजी-आजोबांकडे वा नातेवाइकांकडे राहते, शाळेची व्यवस्थापन समिती त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था करते आणि शिक्षक व गावकरी लक्ष ठेवतात. मूल वसतिगृहाकडे नेण्याऐवजी वसतिगृह मुलाकडे आणण्याचा हा प्रकार आहे. जेथे गाव जागरूक असते तेथे तो चांगला चालतो. जेथे आजी-आजोबा नाहीत किंवा मुलगी वयात आलेली आहे, तेथे आईबाप तिला सोबतच नेतात किंवा लवकर तिचे लग्न उरकतात. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली.

महाविद्यालयीन पातळीवर विद्यार्थिसंख्या इतकी वाढली, की शासकीय वसतिगृहांतील जागा कधीच पुरेशा ठरल्या नाहीत. यावर उपाय म्हणून २०१६-१७ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना अमलात आल्या. त्यांत प्रवेशास पात्र परंतु जागेअभावी वंचित राहिलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भोजन, निवास व निर्वाहभत्त्याची रक्कम जमा केली जाते. यामुळे लाभार्थी वाढले. तथापि रक्कम अनेकदा सत्र उलटल्यावर हाती पडते आणि तोपर्यंत खोलीचे भाडे व खाणावळीचे बिल विद्यार्थ्याला उसनवारीने भागवावे लागते. शिवाय, एकत्र राहण्यातून मिळणारी सोबत, वडीलधाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन आणि गृहपालाची देखरेख खात्यावरील रकमेतून मिळत नाही.